माझ्या आवारातले विमान कुजलेले नव्हते

दिल्लीच्या दलालाने मला फसवले आणि त्याच्याकडून विमान घेणाऱ्या इंग्रज मालकाने त्याची दुसरी एक थाप भोंग्यावरून जगाला खरी म्हणून ऐकवली. आधी हे लिहितो, म्हणजे पुढचे वाचताना कोणी मला भांडकुदळ म्हातारा समजणार नाही. भांडकुदळ मी आहेच, पण उगीच नाही.

वडील ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत स्वार होते. विलीनीकरणात फौज मोडली आणि ते घरी बसले. मी तिथेच, शहरातल्या दौलतगंजात भंगाराचा धंदा काढला. महायुद्धानंतर उरलेले सामान लिलावात निघत होते, त्यात मी एक लढाऊ विमान घेतले. पुढे पंखा असलेले, पिस्टनच्या इंजिनाचे, एकाच माणसाने बसायचे. भांडी घडवणारे त्याच दिवशी दारात. म्हणे, तोडा, आम्ही अॅल्युमिनियम तोलून नेतो. मी हाकलून दिले. तोडता कोणालाही येते. अख्ख्या वस्तूला कधीतरी अख्खे गिऱ्हाईक येते, हा माझा हिशेब.

आमच्याकडे कारागीर अमावस्येला काम करत नाहीत. हत्यारे पुसायची, यंत्रांना तेल द्यायचे आणि सुट्टी. मी त्यात विमानही घातले. इंजिनाचे प्लग काढायचे, त्या भोकांतून एरंडेल सोडायचे आणि दोन माणसांनी पंखा हाताने सावकाश फिरवायचा, म्हणजे पिस्टन आत चिकटत नाहीत. बायको जिन्यातून म्हणायची, "लोक शनीला तेल वाहतात, आमच्याकडे विमानाला! नवस तरी कसला बोललात?"

"विकलं जावं म्हणून."

"मग शनीच बरा. तो निदान ऐकतो."

पुढे राज्यांची पुनर्रचना झाली आणि राजधानी भोपाळला गेली. आमच्या थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरांतून कारकुनांची बिऱ्हाडे ट्रकवर चढत होती. ग्वाल्हेरचे काही उरणार नाही, असे जो तो बोलत होता. सर्वांत मोठ्याने मी. तेव्हाच हा दलाल आला. माझा भाव ऐकून तो दचकला नाही, तिथेच मी सावध व्हायला हवे होते. चहा पीत म्हणाला, "भाऊसाहेब, सब कुछ तो भोपाल ले गए। ये एक चीज़ तो ग्वालियर में रहने दीजिए। यहीं मुरार में कॉलेज के सामने खड़ा करेंगे, नीचे आपका नाम।"

आयुष्यभर मी लोकांच्या दुखऱ्या जागा हेरून सौदे केले. माझी जागा त्याने चहा संपायच्या आत हेरली. मी विमान भंगाराच्या भावात दिले. पंख उतरवून ट्रकवर चढवले आणि ट्रक मुरारकडे न जाता आग्र्याच्या रस्त्याला लागला. मला वाटले, रंग द्यायला नेत असतील. पावसाळ्यानंतर मुरारला जाऊन विचारले, तर कॉलेजातला शिपाई हसला. "चाचा, यहाँ तो साइकिल खड़ी करने की जगह नहीं है।"

बऱ्याच वर्षांनी इंग्लंडला मुलीकडे गेलो असताना जावई जुन्या विमानांचे उड्डाण दाखवायला घेऊन गेला. दोरीपलीकडे एक विमान उभे होते. शेपटीजवळच्या पत्र्यावर एक ठिगळ होते, त्याचे रिवेट वेडेवाकडे. ते मीच मारले होते. तेवढ्यात भोंग्यावरून आवाज आला: हिंदुस्थानातल्या एका भंगारखान्यात हे विमान कुजत पडले होते, तिथून आम्ही ते वाचवले.

मी दोरी ओलांडली. जावई मागून, "बाबा, इथे असं ओरडत नाहीत!"

"मग इथे खोटं बोलतात का?"

मालक उंच, तेलकट हातांचा माणूस. कोण म्हणून त्याने विचारले. म्हटले, ज्याच्या आवारात ते कुजत होते, तो. तो खूश झाला, माझा हात हातात घेऊन हलवत राहिला, फोटो काढू म्हणाला. मी विचारले, इंजिन उघडलेत तेव्हा आत काय होते?

"नवलच! एकही पिस्टन जाम नव्हता. आमचं नशीब."

मी त्याला एरंडेल सांगितले, प्लग सांगितले, पंखा सांगितला. कोणत्या दिवशी फिरवायचो तेही सांगितले. जावयाने शब्दन् शब्द इंग्रजीत करून दिला. मालकाने मान डोलावली आणि म्हणाला, आम्हाला दलालाने जे सांगितले तेच आम्ही सांगतो.

विमान उडाले. खरे सांगतो, सुंदर उडाले, त्या आवाजाने ऊर भरून आला. उतरल्यावर भोंगा पुन्हा तेच बोलला. कुजत पडले होते.

दलालाचा आता पत्ता नाही. मालकाचा आहे, आणि खरे त्याने माझ्या तोंडून ऐकले आहे. ते ऐकूनही विमान उतरल्यावर त्याने मला पुन्हा कुजवणारा का ठरवले, याचे उत्तर मला त्याच्याकडून हवे आहे. माझ्याशी हात मिळवून कोपऱ्यात दिलेले चालणार नाही. त्याच भोंग्यावरून, लोक बसलेले असताना द्यावे.