तेवीस आऱ्यांचं निशाण

शत्रूच्या हाती पडलेल्या निशाणाचं पुढे काय होतं, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय का?

मी नांदेडला कॉलेजात असताना इतिहासाच्या पुस्तकाला विचारलं होतं. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या फौजेला पूर्वेकडच्या पार्थियन लोकांनी झोडपून काढलं. पलटणीपुढे काठीवर मिरवणारे धातूचे गरुड त्यांनी काढून घेतले. तीसेक वर्षांनी रोमच्या बादशहाने बोलणी करून ते परत मिळवले आणि नाण्यांवर गुडघे टेकून निशाण देणारा पार्थियन छापला. गरुड देवळात गेले. ते खांद्यावर वाहणारे, कैदेत म्हातारे झालेले शिपाई कुठे गेले, त्यावर पुस्तकात अर्धीच ओळ होती. त्या अर्ध्या ओळीचा मला फार राग आला, कारण आमचंही एक निशाण तेव्हा कैदेत होतं.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यातलं. दुष्काळी कामावर सरकारी विहीर खणायला घेतली, तेव्हा खडक फोडायला आमची बौद्ध वस्ती होती. पाणी लागलं त्या दिवशी गावाने सांगितलं, "तुम्ही खाली थांबा, आम्ही वरून ओततो." ज्यांच्या हाताला घट्टे पडले त्यांनीच ओंजळ धरायची!

मी सुट्टीत घरी होते. वडिलांच्या पेटीतल्या पत्रकांवर मी अक्षरं शिकले. त्यामुळे पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. झेंडा मायनं केला. निळं कापड, आणि मधलं चक्र मदतीच्या धान्याच्या पांढऱ्या पोत्याचं. आऱ्यांच्या पट्ट्या मी कापल्या, मीच मोजून दिल्या. चोवीस. माय शिवत गेली. सकाळी मोर्चा निघाला, विहिरीच्या काठावर झेंडा रोवला गेला, बायकांनी स्वतःच्या हाताने पोहरे सोडले. दुपारी पोलीस आले. सहा जणांना गाडीत घातलं आणि झेंडा मुद्देमाल म्हणून नेला. माणसं संध्याकाळी सुटली. आठवड्यात साहेबाचा हुकूम आला, विहीर सगळ्यांची. आम्ही जिंकलो होतो. झेंडा मात्र आला नाही.

त्यानंतर शिलाईमशिनीखाली झाडताना मायला एक पांढरी पट्टी सापडली. चोविसावी. म्हणजे तेवीस आऱ्यांचा झेंडा घेऊन आम्ही विहीर जिंकली होती. मी शरमेनं मेले. माय म्हणाली, "ठिव पेटीत. आला की लावू."

केस निकाली निघाली, तरी आम्ही दर खेपेला पोलीस ठाण्यातून रिकाम्या हाताने परत यायचो. मग लातूर वेगळा जिल्हा झाला आणि ठाण्याला नवंच उत्तर मिळालं: कागद जुन्या जिल्ह्यात, मुद्देमालाची खोली नव्या जिल्ह्यात, थांबा. पावसाची वाट पाहून थांबण्याची आम्हाला सवय होती, पण मायला नव्हती. तिने मला नांदेडहून बोलावून घेतलं आणि आम्ही दोघी ठाण्यात जाऊन बसलो.

आत दप्तरांची बांधाबांध चालली होती. जुने कागद गठ्ठे करून लातूरला जायचे होते, आणि बांधायला रुमाल कमी पडले होते. माय एकदम उठली.

"त्यो माझा हाय."

एका गठ्ठ्याला गाठ मारलेलं निळं कापड. गाठीतून चक्र डोकावत होतं.

हवालदार हसला. "मावशी, निळं कापड काय तुमच्याच घरी असतंय व्हय?"

"आरे मोजा. तेवीस हायेत."

त्याने गाठ सोडली, बोट फिरवत मोजलं. तेवीस. तो आणखीच खुलला. "चक्राला चोवीस लागतेत. म्हंजे ह्यो झेंडाच न्हाई की!"

मायनं भिंतीकडे बोट केलं. "तुमच्या घड्याळाला काटा एकच हाय. तरी त्याला घड्याळच म्हनता न्हवं?"

मागचा कारकून फस्सकन हसला. हवालदाराने वही ओढली आणि लिहिलं: निळे जुने कापड, नग एक, मिळाले. वही मायपुढे सरकवली. मायला सही येत होती. मी वाचून दाखवलं तशी तिने पेन खाली ठेवलं.

"झेंडा लिवा."

"जप्तीच्या यादीत कापडच हाय, मावशी. घ्या आन् जावा."

"कापडासाठी पोलीस आलते का विहिरीवर? कापडासाठी सहा मानसं नेली का?"

मी कानात म्हटलं, माय, घे, घरी नेऊ. तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा तोंड उघडायची माझी टाप नव्हती. "कापड म्हनून नेलं, तर घरी कापडच येईल," ती म्हणाली. आम्ही रिकाम्या हाताने बाहेर पडलो. रस्त्याने ती एकदाही मागे वळली नाही.

गठ्ठा लातूरला गेला. मी अर्जांवर अर्ज केले, उत्तर नाही. पट्टी अजून पेटीत आहे, पत्रकांच्या वर. माय दर महिन्याला ती उन्हात घालते, कसर लागू नये म्हणून.

रोमच्या बादशहाला नाणी पाडता आली. मला एवढंच लिहिता येतं. म्हणून तुम्हाला सांगते: लातूरच्या कुठल्याही कचेरीत तुमचं काम निघालं, तर दप्तराच्या खोलीत डोकावा. निळ्या रुमालातला गठ्ठा दिसला, तर गाठ सोडायला लावा आणि आरे मोजा. तेवीस भरले, तर तिथून हलू नका. यादीतलं 'कापड' खोडून 'झेंडा' लिहून घ्या, आणि मग मायला बोलावणं धाडा. सुई-दोरा घेऊन ती येईल.