बिब्बा आणि गंगावन

टाळू दुखते म्हणून टाळूवर बिब्बा लावणारी बाई कुणी पाहिली आहे का? ती मी. तेव्हा चाळिशीला टेकले होते आणि तामसी गावात आपल्याइतकी हुशार सून दुसरी नाही, अशी माझी खात्री होती.

दुखणं मोठं नेमाचं होतं. सकाळी काही नाही. दुपार कलली की टाळू ठणकायची. फणी टेकवली तरी डोळ्यांत पाणी. कारणं मी भराभर शोधली. ऊन, पित्त, कोंडा, जावेची नजर. जावेवर माझा फार भरवसा. तिच्या नावानं दोनदा मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. एक कारण तेवढं सुचलं नाही, कारण ते मीच रोज डोक्याला बांधत होते. धाकट्याच्या बाळंतपणानंतर केस गळून उंदराची शेपटी उरली, तेव्हा आदिलाबादच्या बाजारातून गुपचूप खोट्या केसांचं गंगावन आणलं होतं. दार लावून ते करकचून गुंफायचं, वर आकडे खुपसायचे, वर हा एवढा अंबाडा. सासूबाईंना कळता कामा नये, बस्स! बाकी डोकं फुटलं तरी चालेल.

बिब्ब्यानं टाळूवर फोड आले. दवाखाना गाठावाच लागला, आणि सासूबाई सोबत निघाल्या.

डॉक्टरीणबाई तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलायची. म्हणाली, "जूड़ा खोलो अम्मा."

"ऐसेच देखो ना, उप्पर उप्परसे," मी म्हटलं.

तिनं स्वतःच आकडे उपसले. गंगावन लोंबत तिच्या हातात आलं. मी डोळे मिटून घेतले.

"रोज इतना खींच के बांधे तो दुखेगाच. जड़ां खिंच रहे. ढीला बांधो, घर में खुला छोड़ो, ये नक्को लगाओ. फिर भी दुखा तो आओ, दूसरा कुछ भी हो सकता."

फोडांना मलम दिलं. दोन-तीन आठवड्यांत ठणका गेला, हे इथंच सांगून टाकते.

परतीच्या बसमध्ये सासूबाईंनी पिशवीतून गंगावन काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "मले का आजच समजलं वाटते तुले? कितीक वर्सांपासून पाहून राह्यली मी. तुये केस पिकून राह्यले अन् अंबाडा काळाच्या काळा! पण ते गुंफासाठी तू पाचाले उठते, मले आयता चहा भेटते. मंग मी काऊन बोलू वं?"