दहापैकी आठ

आम्हा कमरेचं ऑपरेशन झालेल्या मंडळींत त्यांना सगळे ‘दहापैकी’ म्हणत. इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून त्यांचं टेबल होतं. त्यावर एक फोन, फॉर्मांचा गठ्ठा आणि दोरीने बांधलेलं पेन, तेही इतक्या आखूड दोरीने की लिहिताना माणूस टेबलाला नमस्कार करतोय असं वाटावं. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी, वर्षाने, दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी पेशंटला फोन करून विचारायचं, “दहापैकी किती समाधानी आहात?” आणि येईल तो आकडा लिहायचा. वीस वर्षं त्यांनी हेच केलं.

माणूस असा गोड, की त्यांच्याशी बोलताना स्वतःच्या दुखण्याची लाज वाटावी. आधी मुलीची परीक्षा विचारणार, मग जिन्याला कठडा बसवला का ते, मग हरवलेलं मांजर परत आलं का ते. मूळ प्रश्न येईपर्यंत अर्धा तास झालेला असायचा. पाहुण्याला कोणी विचारलं, “चहा जमलाय ना?” तर पाहुणा काय, पाणचट झालाय म्हणतो?

मला वर्ष झाल्यावरचा फोन आला तेव्हा मी खिडकीत ताट ठेवून उभ्याने जेवत होतो. बसलं की डाव्या पायात कळ जायची, ऑपरेशनच्या आधी जायची तशीच.

“आठ,” मी म्हणालो.

“वा. आठ म्हणजे छानच की,” ते म्हणाले. आवाज असा खुलला की नऊ का म्हटलं नाही, याची मला चुटपुट लागली.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, “निदान स्वतःच्या कमरेबद्दल तरी खरं बोलावं माणसाने.”

“त्यांना वाईट वाटलं असतं गं.”

“म्हणजे कळ तुमची आणि वाईट त्यांना.”

पुढे इस्पितळाने त्या सगळ्या फॉर्मांवरून कॉम्प्युटरवर एक तक्ता बनवून घेतला. पेशंटचं वय, वजन, काम, विड्या-सिगारेटी आणि दुखणं कधीपासूनचं, एवढं भरलं की पाच वर्षांनी हा माणूस किती समाधानी असेल ते टक्क्यांत येई. डॉक्टर तो आकडा पेशंटला दाखवत. दहापैकींनी तर पहिल्या दिवशी पेढे वाटावेत तशा त्याच्या छापील प्रती वाटल्या. मला म्हणाले, “यातला एकेक आकडा माझ्या कानातून आलाय.”

त्यांचा थोरला भाऊ फरशी बसवायचा. तीस वर्षं उकिडवं बसून त्याने गावभरच्या लोकांच्या पायाखाली लादी घातली होती. जोड असा की बोट फिरवलं तरी कळू नये. त्याची नस दबली. डॉक्टर म्हणाले, दोन वाटा आहेत. व्यायाम करा आणि हे काम सोडा, किंवा ऑपरेशन करू.

काम सोडा म्हटल्यावर दादाचा चेहरा पडला. “मग मी करू काय? लोकांच्या फरश्या बघत हिंडू?”

वहिनी मात्र ऑपरेशनला तयार नव्हती. तिने धाकट्या दिराला गाठलं. “भावजी, तुम्ही रोज त्यातच असता. खरं सांगा, हे परत खाली बसून काम करतील?”

दहापैकींनी दादाची सगळी माहिती तक्त्यात भरली. उत्तर आलं, ब्याऐंशी टक्के. ते त्यांनी वहिनीला कागदावर लिहून दिलं.

दादा कागद न बघताच म्हणाला, “हा सांगतोय ना? मग झालं.”

ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टरांनी नंतरचा एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि स्वतःचंच काम आहे हे विसरून कौतुक केलं. मणका सरळ होता. दादा मात्र सरळ होईना. दहा मिनिटांच्या वर उभं राहवेना, खाली बसवेना, आणि झोपल्यावर आधाराशिवाय कूस बदलता येईना. त्याची थापी आणि पाणसळ वहिनीने पोत्यात घालून माळ्यावर टाकली.

वर्ष झालं, तेव्हा नियमाप्रमाणे फोन करणं आलं. दहापैकींनी तो टेबलावरूनच केला. मांजर, जिना, काही विचारलं नाही.

“दादा, दहापैकी किती?”

“दोन,” दादा म्हणाला. “त्यातलाही एक तुझ्या वहिनीचा. ती करते म्हणून.”

वीस वर्षांत त्यांच्या फॉर्मवर दोन हा आकडा तीनदा आला असेल. त्या संध्याकाळी ते माझ्या घरी आले. मी उभाच होतो, त्यामुळे त्यांनाही बसा म्हणता येईना.

“तुम्ही आठ सांगितले होते,” ते म्हणाले. “खरे किती?”

मी बायकोकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

“चार,” मी म्हणालो.

“मग आठ का म्हणालात?”

“तुम्ही इतक्या मायेनं विचारलंत.”

मग आठवडाभर त्यांनी जुने फॉर्म काढून घरोघर फेऱ्या मारल्या. नऊवाल्या शिक्षिका आडव्या पडून वह्या तपासत होत्या. दहावाला ड्रायव्हर केव्हाच नोकरी सोडून बसला होता. तो म्हणाला, “साहेब, इस्पितळात माझ्याशी नीट बोलणारे तुम्ही एकटे. तुम्हाला काय कमी मार्क द्यायचे?”

रविवारी ते मला घेऊन दादाकडे गेले. मीच सांगावं असं त्यांचं म्हणणं होतं. साक्षीदार हवा होता. वहिनीने दार उघडलं आणि वाटेतून बाजूला झाली, या म्हणाली नाही. दादा स्वतःच घातलेल्या फरशीवर गादी टाकून पडला होता.

मी सांगितलं. चार होते, आठ सांगितले. माझ्यासारखे पुष्कळ आहेत. तक्ता आमच्याच थापांचा बनलाय.

दादाने मला काही विचारलं नाही. भावाला विचारलं, “हे सगळे तुला वीस वर्षं फसवत होते. तुला एकदाही कळलं नाही?”

दहापैकी पटकन ‘नाही’ म्हणतील असं मला वाटलं. एरवी बोलण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

“कळायचं,” ते म्हणाले. “सगळ्यांचं नाही, पण कळायचं. आवाजावरून कळतं. उभा राहून बोलणारा माणूस ओळखू येतो.”

“मग?”

“बरं वाटायचं रे दादा. दिवसभर माणसं चांगलं सांगायची.”

“आणि माझा कागद लिहिलास तेव्हा?”

“तेव्हाही माहीत होतं.”

वहिनी आत निघून गेली. भांड्यांचा आवाज आला नाही, पाण्याचाही नाही. दादा छताकडे बघत राहिला. मग त्याला भिंतीकडे तोंड करावंसं वाटलं असणार, कारण त्याने डावा खांदा उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही. पुन्हा केला. त्याने आतल्या दाराकडे बघितलं, पण वहिनी बाहेर आली नाही.

शेवटी त्याने हात पुढे केला. दहापैकी खाली बसले, एक हात त्याच्या खांद्याखाली आणि एक कमरेखाली घातला आणि हळूच, इस्पितळात शिकवतात तसं, त्याला भिंतीकडे वळवलं. पाठीशी उशी लावली.

“जा आता,” दादा म्हणाला.