धावपट्टीखालचं रान

आमच्या माळावर लढाऊ विमानं उतरायची, असं मी सांगितलं की लोक गालातल्या गालात हसतात. हसू देत. कवठे महांकाळकडच्या बोडक्या माळावर हवाई दलाचा तळ होता आणि त्या तळानं आमचं गाव वर काढलं, हे खरं आहे. माळावर कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं, असंही लोक म्हणतात. ते मात्र साफ खोटं. माळाच्या पोटाला पाच घरांची चांगली काळी रानं होती. तळासाठी तीही गेली, आणि त्यातलं एक माझ्या थोरल्या आईचं होतं.

थोरली आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. रान गेलं त्याच्या दुसऱ्याच वर्षी चुलते वारले. मूलबाळ नव्हतं. सरकारनं दिलेला मोबदला त्यांच्या दुखण्यातच संपला. तेव्हापासून ती आमच्याकडे, म्हणजे दिराच्या घरात राहायची आणि रोजानं दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. वडील नको म्हणायचे. "बसून खाल्लं तर डोंगरबी पुरत न्हाई," एवढं बोलून ती खुरपं उचलायची. कुणाचं उगीच कौतुक करायचा माझा स्वभाव नाही, घरच्यांना विचारा. पण तिच्यासारखी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

तळ आला तसे गावाचे दिवस पालटले. विट्याकडच्या पोरांसारखी आमचीही पोरं सोनं गाळायच्या गलाई दुकानांत राबायला पार मुलखाच्या दुसऱ्या टोकाला जायची. आता त्यातली काही तळावर भटारखान्यात, धुलाईला, बागकामाला लागली आणि संध्याकाळी आपापल्या घरी जेवायला येऊ लागली. विजेच्या तारा तळासाठी आल्या आणि जाता जाता आमच्याही घरात दिवे लावून गेल्या. अंडी, दूध, कोथिंबीर सगळं फाटकावर खपायचं. जाचही होता, नाही कसा? घरावर माडी चढवायची नाही. लढाईच्या दिवसांत खिडक्यांना काळे कागद डकवायचे. विमान डोक्यावरून गेलं की म्हैस दूध चोरायची, आणि शेजारचे निवृत्त सुभेदार अंगणात ताठ उभे राहून विमानाला सलाम ठोकायचे. "आवं, वरचा मानूस तुमास्नी बघतोय व्हय?" असं त्यांची बायको रोज विचारायची. विमान दिसेनासं होईपर्यंत सुभेदार हात खाली घेत नसत.

थोरल्या आईच्या रानाच्या बांधावर म्हसोबा होता. शेंदूर फासलेला, गुडघ्याएवढा दगड. रान गेलं तसा तो कुंपणाच्या आत, धावपट्टीच्या टोकाशी राहिला. सुगी झाली की त्याला कोंबडं-भाकरीचा निवद दाखवायचा, ही घरची रीत. रान गेलं म्हणून देवाला उपाशी ठेवायचं, हे काही तिला पटेना. एका वर्षी ती पाटी डोक्यावर घेऊन सरळ फाटकावर जाऊन उभी राहिली. पहारेकऱ्याला मराठी येत नव्हतं आणि हिला हिंदी. शेवटी सुभेदार मधे पडले. तळावरच्या मोठ्या साहेबांनी वर्षातून एकदा, जवानाच्या सोबतीनं आत यायची परवानगी दिली.

तिनं रीतीप्रमाणं पानावर निवद ठेवला आणि हात जोडून घरी आली. दुपारी साहेब सुभेदारांना घेऊन आमच्या दारात हजर. सडसडीत, हळू बोलणारा उत्तरेकडचा माणूस. निवदावर घारी-कावळ्यांची झुंबड उडाली होती, आणि एखादी घार विमानाच्या यंत्रात शिरली तर विमान पडतं, चालवणारा मरतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. देवाला दाखवा, मग निवद परत न्या, एवढीच त्यांची विनंती होती.

"देवाफुडचा निवद माघारी घरी आणत न्हाईत," थोरली आई म्हणाली.

हे साहेबांना कसं सांगावं म्हणून सुभेदारांना घाम फुटला. तोवर तिनंच वाट काढली. "त्यो रानातच खायाचा असतो. मी एकटी किती खानार? तुमची पोरं हाईत न्हवं तितं? त्यास्नी बसवा पंगतीला."

सुभेदारांनी सांगितलं, साहेब मोकळेपणानं हसले, आणि पुढच्या सुगीपासून धावपट्टीच्या टोकाशी पंगत बसायला लागली. चारपाच जवान मांडी घालून बसायचे. मी पाण्याची घागर घेऊन तिच्याबरोबर जायची. एकजण मांसमच्छी खात नव्हता, त्याच्यासाठी ती गूळ-तूप वेगळं न्यायची. साहेबांपेक्षा आता तीच कडक झाली होती. जेवणं झाली की पदर खोचून सगळी जागा धुंडाळायची. "हाडूक टाकू नगंस रं. कुनाच्या तरी लेकाचा जीव जाईल." भाषा कळत नसली तरी पोरं मुकाट्यानं हाडं डब्यात टाकायची.

मी सातवीत होते, त्या वर्षी साहेब स्वतः पंगतीला बसले. जेवून हात धुताना म्हणाले, "माँजी, आपको कुछ चाहिए?" सुभेदार खाकरले. त्यांच्या पुतण्याला तळावर चिकटवायचं त्यांच्या मनात होतं. थोरल्या आईनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझा दंड धरून तिनं मला पुढं ओढलं.

"गावात शाळा सातवीपतूर. एष्टी येती दुपारची. हिचा बाप हिला उजवायचं बघतोय. तुमची पोरं ज्या गाडीतनं तालुक्याच्या शाळंला जात्यात, त्यात हिला बसवा."

साहेबांनी हो म्हटलं, थोरल्या आईपुढं वडिलांचं काही चाललं नाही, आणि जूनमध्ये शाळा उघडली तशी मी फौजी गाडीत बसले. पाठोपाठ गावातल्या आणखी तीन मुली आल्या. आडव्या लाकडी फळ्या, डिझेलचा वास, आणि पंजाबी, मद्राशी, बंगाली पोरांचा कालवा. हिंदी मी पुस्तकातून नाही शिकले, जागेवरून भांडताना शिकले. त्या गाडीनं मला किती दिलं ते सांगायला लागले तर रात्र पुरायची नाही, म्हणून सांगत नाही.

मी दहावीत गेले आणि तळ हलणार अशी कुणकुण लागली. लढाई सरली, आता इथं एवढा खटाटोप कशाला, असं वर कुणाला तरी वाटत होतं म्हणे. मग निरोप आला की मामलेदार गावात येणार आणि ज्यांची रानं गेली त्या पाच घरांना विचारणार. तळ राहू द्यावा, की उठवून रानं माघारी हवीत? दिल्लीत आमच्या शब्दाला काय वजन असणार, हे आज कळतं. तेव्हा गावाची पक्की समजूत होती की तळाची दोरी या पाच माणसांच्या हातात आहे.

चार घरांची पोरं तळावर कामाला होती, त्यांचा प्रश्नच नव्हता. धास्ती होती ती थोरल्या आईची. ती उठता-बसता "माझं रान" म्हणायची, हे सगळ्यांना ठाऊक. मग गावाला एकाएकी तिचा पुळका आला. कुणी ताकाचा गडवा आणून दिला, कुणी नव्या शेंगांचा वानोळा. सुभेदारांची बायको तर तिच्या डोक्यातल्या उवा बघायला येऊन बसायला लागली.

घरात उलटा वारा. "वैनी, रान मागून घ्या," वडील रोज म्हणायचे. "दादानं खांदलेली हीर हाय त्यात. किती दिस लोकांच्या बांधावर जानार?" त्यांचाही त्या रानात, त्या विहिरीत जीव होता, आणि तिच्यामागं ते आमच्याच घरात येणार होतं, खोटं का बोला. पण ते बोलत होते तेही खरंच होतं. रान आलं असतं तर ती मालकीण झाली असती. दिराचं घर, लोकांचं खुरपण, सगळं सुटलं असतं. आणि तळ गेला असता तर गाडी गेली असती. दहावीच्या परीक्षेआधी माझं लग्न झालं असतं. मला हे कळत होतं. पण तिच्यासमोर तोंड उघडायची हिंमत झाली नाही. कुठल्या तोंडानं सांगणार होते, की माझ्यासाठी तुझं रान सोड म्हणून?

ती रोजच्यासारखी खुरपायला जात राहिली. आलेलं ताक प्यायली, वानोळा घरात सगळ्यांना वाटून टाकला.

मामलेदार आले. शाळेच्या पटांगणात सारा गाव जमला. चौघांनी तळ राहू द्या म्हणून सांगितलं. मग मामलेदारांनी तिच्याकडे बघितलं. "बाई, तुमचं काय?"

ती पदर सावरत उठली. "त्ये रान माझं हाय," ती म्हणाली. सुभेदारांनी डोळे मिटले. "माझ्या मालकानं त्यातली हीर सोताच्या हातानं खांदली. मला त्ये पायजे. सकाळ झाली की पायजे वाटतं."

वडील पुढं सरकून बसले.

"पर तळ ऱ्हाऊ द्या. तितनं आमची पोर शाळंला जाती. एवढंच लिवा."

वडील ताडकन उठून निघून गेले. संध्याकाळी जेवायला बसले, तेव्हा ताटाकडं बघतच म्हणाले, "एका पोरीपायी रान घालवलं."

"व्हय, घालवलं," थोरली आई म्हणाली आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

तळ राहिला. तो कुणाच्या शब्दानं राहिला ते मला माहीत नाही, आणि मला त्याच्याशी कर्तव्यही नाही. मला दुसरी सकाळ आठवते. रोजच्यासारखी ती मला गाडीपर्यंत सोडायला आली. खुरपं कमरेला खोचलेलं होतं. गाडी येताना दिसली तेव्हा मी एकदाचं विचारलं, "थोरले आई, तुला वाईट वाटतंय का गं?"

"वाटतंय की," ती म्हणाली. "लय वाटतंय. चढ गाडीत."

गाडी सुटली. मागच्या फळीवरून मी बघत राहिले. ती रस्ता सोडून खाली दुसऱ्याच्या रानात उतरली आणि बायकांच्या ओळीत खुरपायला बसली.