ताईच्या नावावर

ताई गेली त्याला आता सहा आठवडे होतील. त्या सकाळी मी वज्रेश्वरीत माझ्या दुकानाचं शटर वर करत होतो, तेवढ्यात भिवंडीहून तिच्या शेजारच्या भाभींचा फोन आला. "भैया, दीदी दरवाजा नहीं खोल रही," एवढंच म्हणाल्या. मिळेल त्या बसने धामणकर नाक्याला उतरलो, तोवर लोकांनी दार तोडलं होतं. झोपेतच हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. सुमनताई, माझी थोरली बहीण, बावन्न वर्षांची. भाड्याच्या खोलीत एकटी गेली. मला अजून ते पचत नाही.

आईबाप लवकर गेले, मला तिनेच वाढवलं. लग्न केलं नाही. गोदामात पॅकिंगला लागली आणि पुढे सुपरवायझर झाली. अकलोलीच्या आमच्या आळीत दरमहा पगाराची स्लिप मिळणारी ती एकटीच, त्यामुळे कुणाला फ्रिज हवा असो की टीव्ही, कर्ज ताईच्या नावावर निघायचं आणि हप्ते ज्याचे त्याने तिच्याकडे द्यायचे. त्यातून आमच्यात एक रीतच पडली होती. वस्तू घरी आली की जिच्या नावावर आली तिच्या हातून नारळ फोडायचा. तिने इतके नारळ फोडले की मी चिडवायचो, आता तुझंच देऊळ बांधायला हवं. तिला तो मान आवडायचा. माझ्या मोटरसायकलचा नारळही तिनेच फोडला होता.

तिला स्वतःला मात्र एकच गोष्ट हवी होती, स्वतःच्या मालकीची एक खोली. अकरा महिन्यांचा करार संपला की घरमालक बदलायचा आणि नवा मालक आधी विचारायचा, "अकेली हो?" दर वेळी तिला तो प्रश्न नव्याने झोंबायचा. शेवटी साठवलेले पैसे घेऊन ती बँकेत गेली, तर कर्ज बघणाऱ्या बाईंनी ते नाकारलं. तुमचा क्रेडिट स्कोअर फार खाली आहे, म्हणाल्या. ताईला वाटलं, मशीन चुकलं असणार. तिने जन्मात स्वतःसाठी दहा रुपये उसने घेतले नव्हते. बाईंनी तिला समजावलं की कर्ज कुणासाठी काढलं हे तिथे दिसत नाही, ज्याच्या नावावर असेल त्याचंच ते धरतात. दोन टीव्हींचे हप्ते मध्येच थांबले होते. एका फ्रिजच्या वसुलीवाल्याला अर्धे पैसे देऊन तिने तडजोड केली होती आणि विषय संपला असं समजून पेढेही वाटले होते. पण नोंदीत तो 'तडजोड' असाच राहिला होता, पूर्ण फेड म्हणून नाही.

मग तिने कंबर कसली. फ्रिजची उरलेली रक्कम भरून थकबाकी नसल्याचं पत्र घेतलं आणि नोंद बदलेपर्यंत बँकेच्या फेऱ्या मारल्या. टीव्हींचे हप्ते पदरमोड करून फेडले. वेळेवर फेडल्याची नोंद होत राहावी म्हणून थोडी रक्कम मुदत ठेवीत घालून त्या ठेवीच्या तारणावर एक लहानसं क्रेडिट कार्ड काढलं. त्यावर फक्त गॅसचा सिलिंडर घ्यायची आणि बिल आलं की मुदतीच्या आत पूर्ण भरायची. रागाच्या भरात आणखी चार बँकांत अर्ज करू नका, प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि स्कोअर आणखी घसरतो, हेही त्या बाईंनीच सांगितलं होतं. ताई थांबली. दोन वर्षं थांबली... गावात कुणालाच काही बोलली नाही. नवीन कुणी नावावर घ्यायला आलं की पगार कमी झालाय म्हणायची. मग लोकांचं येणंच कमी झालं. मीही दुकानाच्या नादात महिनोन् महिने गेलो नाही.

एकदा गेलो तेव्हा बढाई मारली की गावात सगळ्यांनी तुला बुडवलं, मी मोटरसायकलचा एक हप्ता चुकवला नाही. ती चहा गाळत होती. वर न बघता म्हणाली, "न्हाय रे गणू, तू न्हाय बुडवलास. मला म्हाईत हाय."

कर्ज मंजूर झाल्याचं पत्र आलं. दुसऱ्या मजल्यावरची खोली ठरली, नोंदणीची तारीखही मिळाली. त्या तारखेच्या अकरा दिवस आधी ती गेली.

तेराव्यानंतर तिची भाड्याची खोली आवरताना तिच्या स्कोअरच्या अहवालाचे कागद सापडले. माझ्या मोटरसायकलच्या ओळीपुढे जवळजवळ प्रत्येक महिन्यात उशीर मांडलेला होता. पंधरा दिवस, अठरा दिवस, पुन्हा पंधरा... हप्ता भरायची तारीख पाच होती आणि मी दुकानाची वसुली झाली की वीस तारखेच्या पुढे ताईच्या हातात पैसे ठेवायचो. महिन्याच्या आत दिले म्हणजे वेळेवर दिले, असंच आमच्याकडे सगळे धरतात. मीही तेच धरलं. स्कोअर पडायला सुरुवात माझ्यापासून झाली होती. टीव्ही आणि फ्रिज नंतरचे. हे तिला दोन वर्षं ठाऊक होतं आणि तिने मला त्याची झळ लागू दिली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात तिच्या कार्डाचं बिल आलं. फक्त एका सिलिंडरचं. तो सिलिंडर जवळजवळ भरलेलाच होता. मी त्यावर एक कप चहा केला, रिकाम्या खोलीत बसून प्यालो आणि पैसे घेऊन बँकेत गेलो. खिडकीवरच्या मुलाने मृत्यूचा दाखला पाहिला. घाई नाही काका, ठेवीतून वळते करून घेऊ, म्हणाला. माणूस गेल्यावर स्कोअरला काही अर्थ राहत नाही, हेही सांगितलं. मी म्हटलं, तरी आजच भरून घे. मुदतीला अजून चार दिवस होते.