दुसरा फेरा

“ब्रेक मारा, भाऊजी. माणसं हायेत समोर, ब्रेक मारा न.” शेजारी बसलेला माझा साळा असा ओरडत होता की इंजिनाचा आवाज त्याच्यापुढे कुजबुज वाटावा.

नागपुरात घरच्या गाडीची शर्यतगाडी पहिल्यांदा कोणी केली, असं विचारलं तर मी स्वतःकडेच बोट दाखवतो. ज्याला पटत नसेल त्यानं दुसरा शोधून आणावा. सक्करदऱ्याच्या गॅरेजात मी एका जुन्या कारची दारं वेल्डिंग करून बंद केली, काचा काढल्या, मागची सीट काढली. वजन कमी करायच्या नादात हँडब्रेक आणि हॉर्नही काढला. “आपल्याले थांबाचंच नाही,” असं छाती फुगवून मीच म्हणालो होतो.

शर्यत बुटीबोरीच्या पुढं, एका पडीत वावरात. गोल रस्ता, पाच फेरे. पाहायला अख्खी पंचक्रोशी लोटली होती, पण कारची शर्यत त्यात कोणीच पाहिलेली नव्हती. त्यांना ठाऊक होता शंकरपट. पटात बैलजोडी सरळ सुसाट जाते; ती गेली की लोक मागून पट्टीवर उतरतात आणि कोण जिंकलं यावर वाद घालतात. आमचा पहिला फेरा झाला, तसे लोक उतरले.

वळणावर धूळ फाटली आणि समोर टोप्या-दुपट्ट्यांची भिंत. सगळ्यात पुढं, आमच्याकडे पाठ करून, माझे बाबा. शंभर पट हाकलेला माणूस; हातवारे करून निकाल समजावत होते.

काटा किती वर होता ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही उरलेलंही खोटं धराल. मी ब्रेकवर उभा राहिलो. खरंच उभा, डोकं टपाला लागलं. गाडी मातीवरून घसरत तशीच निघाली. बाबांच्या सदऱ्याची शिवण दिसायला लागली. हॉर्नकडे हात गेला, तर हॉर्न मीच काढलेला. शेवटी दोन्ही हातांनी स्टेअरिंग गरकन फिरवलं आणि बाजूच्या उभ्या पऱ्हाटीत घुसलो. गाडी थांबली तेव्हा आत एक रजई भरेल इतका कापूस होता. साळ्याचं ओरडणं सुरूच.

पुढं मी पुष्कळ शर्यती मारल्या. दोनदा उलटलो, एकदा गाडी पेटली. त्या दिवशीइतका भ्यालो मात्र कधीच नाही.

त्या दिवशी पऱ्हाटीत खिडकीतून बाहेर पडलो. बाबा पऱ्हाटी सारत आले.

“बाबा, गाडीचा आवाज नाही आला काय तुमाले?”

“आला.”

“मंग हटले काहून नाही?”

“गेलेली जोडी वापस येत नाही गा,” बाबा म्हणाले.