सेवरीनबाईंचा खांदा

सेवरीनबाई रेगो यांचा देवावर विश्वास होता, पण देवाच्या माणसांवर नव्हता. चर्चमधल्या अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्या कोण विझवतं आणि उरलेल्या मेणाचं पुढे काय होतं, हे त्यांनी नव्या पाद्रीबाबांना भर लोकांत विचारलं होतं. मासेवालीने बांगड्याचे कल्ले उघडून दाखवले तरी त्या स्वतःच्या बोटाने पुन्हा उघडून बघायच्या. नवरा आल्बन कुवेतला होता तेव्हा त्याच्या फोनवर मागून बाईचा आवाज येतो, असं त्यांचं ठाम मत होतं. तो टीव्हीचा आवाज आहे, हे तो बिचारा मरेपर्यंत सांगत राहिला.

आमच्या मंगळुरात बेंदूरच्या बाजूला घराघरांत मुली राहायला असतात, कुणी नर्सिंगच्या, कुणी फिजिओथेरपीच्या. आल्बन गेल्यावर सेवरीनबाईंनीही वरच्या दोन खोल्या फिजिओथेरपीच्या मुलींना दिल्या आणि स्वतःच्या जिवाला घोर लावून घेतला. या मुलींचा अभ्यासच असा की संशयी नसलेल्या माणसालाही संशय यावा. भिंतीवर कातडी सोललेल्या पुरुषाचं चित्र. कॉटवर एक आडवी, दुसरी तिचा पाय खांद्यावर घेऊन उभी. तिसरी मोबाइलमध्ये बघून सांगतेय, "अजून वर, अजून वर!"

"हा अभ्यास?" सेवरीनबाईंनी दारातूनच विचारलं होतं.

"अभ्यासच, आंटी. मांडीमागचा स्नायू ताणतोय."

"आमच्या वेळी अभ्यास बसून करायचे."

या मुलींत जिन्सी नावाची एक होती, केरळातल्या इरिट्टीची. उंच, सडपातळ, खाली मान घालून चालणारी. एवढी गरीब चाल म्हणजे आत काहीतरी पाणी मुरतंय, हे सेवरीनबाईंनी पहिल्या दिवशीच ओळखलं. त्यात ही पोरगी त्यांच्याकडे टक लावून बघायची. त्या दोरीवर कपडे वाळत घालायला लागल्या की जिन्सी जिन्यात थांबायची. त्या केस विंचरायला बसल्या की हिला नेमकं पाणी प्यायला खाली यायचं असायचं.

एक दिवस त्यांनी तिला धरलंच. "काय गं, माझ्या अंगावर सोनं मोजतेस काय?"

जिन्सी घाबरली. "नाही आंटी. तुमचा उजवा हात बघत होते. तुम्ही सगळं डाव्या हाताने करता."

सेवरीनबाईंना मिरची झोंबल्यासारखं झालं. ही गोष्ट त्यांनी सख्ख्या बहिणीलाही कळू दिली नव्हती. गेल्या वर्षी ओल्या स्वयंपाकघरात घसरून त्या खांद्यावर पडल्या. शेजाऱ्याने एका हाडवैद्याकडे नेलं. त्याने गोड गोड बोलत हात धरला आणि असा काही हिसडा दिला की त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेव्हापासून खांदा आखडत गेला आणि तेव्हापासूनच, अंगाला कुणाला हात लावू द्यायचा नाही, असा त्यांनी कानाला खडा लावला.

"माझ्या हाताला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "तू तुझं बघ."

जिन्सीचं बघण्यासारखं होतंच. ती प्रात्यक्षिक परीक्षेत नापास झाली होती. फेरपरीक्षा तोंडावर आली होती, आणि तिच्या बापाने फोनवर सांगून टाकलं होतं की यंदा नाही जमलं तर सामान बांधायचं आणि मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं. हे सेवरीनबाईंना ठाऊक होतं, कारण मुलींचे फोन चालू असले की त्या जिना झाडायला घेत.

नापास का झाली, हे मात्र त्यांना उमगत नव्हतं. पोरगी पहाटेपासून वाचायची. सीनियर मुलींच्या वह्या झाल्या, व्हिडिओ झाले. मैत्रिणींवर तर इतका सराव झाला की त्यांचे हात तिने नुसतं बघितलं तरी उठायचे. दुखणं इथेच होतं. मैत्रिणींना पुढे काय करायचं ते आधीच पाठ. खऱ्या परीक्षेत समोर आले बंटवाळचे एक आजोबा. जिन्सीने एक अक्षर न बोलता त्यांचा पाय उचलला आणि आजोबा असे ओरडत उठून बसले की परीक्षकांच्या हातचा चहा सांडला.

हे सगळं तिने एका दुपारी ओट्याशी उभं राहून सांगितलं आणि मग भीत भीत म्हणाली, "आंटी, तुमच्या खांद्यावर सराव करू?"

सेवरीनबाईंच्या भुवया चढल्या. "तुला काय मिळणार?"

"सराव मिळेल."

"आणि नंतर? फाटक उशिरा उघडून पाहिजे असेल. नाहीतर खोलीत शेगडी."

"काही नको आंटी. तुम्ही कुणावर विश्वास ठेवत नाही ना, म्हणून तुम्हीच पाहिजे."

हे असं तोंडावर सांगणारं त्यांना आजवर कुणी भेटलं नव्हतं. त्यांनी रात्रभर त्यातलं कपट शोधलं. सापडलं नाही, म्हणून तर संशय आणखी वाढला. शेवटी पोरगी काय करते ते एकदा बघावंच, म्हणून त्या खुर्चीत बसल्या.

जिन्सीने हात पुढे केला.

"थांब! न विचारता? मी काय बाजारातला फणस आहे?"

"सॉरी. तुमचा हात बाजूने वर उचलणार आहे."

"का?"

"किती वर जातो ते बघायला."

"दुखलं तर?"

"तुम्ही 'पुरे' म्हणा, मी तिथेच थांबेन."

"असं तो हाडवैद्यही म्हणाला होता. आधी माझ्या चांगल्या हाताला करून दाखव. मग बघू."

जिन्सीने आधी डाव्या हाताला करून दाखवलं, मग उजवा धरला. जरासा उचलला असेल नसेल, सेवरीनबाई ओरडल्या, "पुरे!" खरं म्हणजे काहीही दुखलं नव्हतं. पोरगी थांबते की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं. पोरगी थांबली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा खोटंच "पुरे" म्हटलं. ती पुन्हा थांबली. मग रोज तिसऱ्या प्रहरी हा खेळ सुरू झाला. "कोपर अंगाला लावून ठेवा, आंटी, आणि पंजा बाहेर, दाराकडे न्या." "दाराकडे का? देवाकडे का नको?" प्रत्येक हालचालीला एक का. जिन्सीची कानडी अडखळायची, तुळू त्याहून जास्त, आणि सेवरीनबाई चुकीच्या शब्दाला हलायच्याच नाहीत. पोरीच्या तोंडाला फेस यायचा, पण हळूहळू तिचं बोलणं हातांच्या आधी पोचायला लागलं.

एका सकाळी सेवरीनबाईंच्या लक्षात आलं की आपण कंगवा उजव्या हाताने कानापर्यंत नेला आहे. उन्हाळ्यामुळे खांदा मोकळा झाला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि विषय मिटवला.

परीक्षेच्या दिवशी जिन्सी नवा पांढरा कोट घालून, केसांत फूल माळून निघाली. फूल? परीक्षेला फूल कशाला? सेवरीनबाईंच्या डोक्यात किडा वळवळला. आतापर्यंतचं सगळं सोंग असलं तर? कुणी मुलगा वगैरे असला तर? त्यांनी गॅस बंद केला, रिक्षा पकडली आणि पोरीच्या मागोमाग कॉलेजच्या दवाखान्यात पोचल्या.

पोरगी सरळ परीक्षेच्याच दालनात गेली. तेवढ्यावर परतायचं तर सेवरीनबाई कसल्या? आत नक्की काय चालतं ते बघायला त्या खांदा धरून दाराशी घुटमळत राहिल्या.

आता या परीक्षांची गंमत अशी की त्यांना खरे पेशंट लागतात. कॉलेज त्यांना सकाळी बोलावून चहा आणि बन्स देतं, आणि बन्स खाऊन झाले की त्यांतले निम्मे पळतात. त्या दिवशी खांद्याची केस पळाली होती. परीक्षेची व्यवस्था बघणाऱ्या विनुता मॅडम कपाळाला हात लावून बाहेर आल्या, आणि समोर खांदा धरलेल्या बाई उभ्या!

"अम्मा, खांदा दुखतो?"

"दुखतो तर! पण तुम्हाला काय करायचंय?"

"आत चला. मुली तपासतील. काही होणार नाही."

एरवी सेवरीनबाईंनी मॅडमचं ओळखपत्र मागितलं असतं. पण आत जायला मिळतंय म्हटल्यावर त्या मुकाट्याने जाऊन खाटेवर बसल्या. पडदा सरकला आणि जिन्सी आत आली. तिच्या मागे बाहेरगावचे परीक्षक, हेब्बार सर.

दोघींची नजरानजर झाली. सेवरीनबाईंच्या मनात लख्ख उजेड पडला. हा खांदा पोरीला तोंडपाठ आहे! कुठे अडतो, कुठे दुखतो, किती वर जातो. हार्डवेअरचं दुकान गेलं खड्ड्यात! त्यांनी चेहरा दगडासारखा केला आणि ओळख दाखवली नाही.

जिन्सी सरांकडे वळली. मग म्हणाली, "सर, मी या पेशंटना ओळखते. यांच्या घरी मी राहते. यांच्यावरच सराव केलाय. मला दुसरी केस द्या."

"खोटं!" सेवरीनबाई कडाडल्या. "मी या मुलीला जन्मात बघितलेलं नाही!"

हेब्बार सरांनी चष्मा काढला. आधी पोरीकडे पाहिलं, मग बाईंकडे. "अम्मा, मग हिचं नाव काय?"

"जिन्सी," सेवरीनबाई म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली.

पडद्यापलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं. सर हसले नाहीत. "या बाईंना इथे कुणी आणून बसवलं?" त्यांच्या आवाजाने विनुता मॅडम धावत आल्या आणि सगळी हकिकत सांगायला लागल्या. सेवरीनबाई खाटेवरून उतरून पडद्याबाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. आपण पोरीचं भलं करायला गेलो आणि तिला चोर ठरवून ठेवलं.

बऱ्याच वेळाने जिन्सीला दुसरी केस मिळाली. उळ्ळालची कल्याणक्का, मासळी विकणारी, गुडघे धरलेले. तिला सकाळपासून बऱ्याच मुलांनी तपासलं होतं. "गुडघ्याला हात लावशील तर बघ!" ती तुळूत गरजली. "पिळून पिळून चटणी केलीय माझी!"

बाकावर बसलेल्या सेवरीनबाईंनी पडद्याच्या फटीला डोळा लावला. जिन्सीने दोन्ही हात मागे घेतले. मोडक्यातोडक्या तुळूत म्हणाली, "नाही लावत. आधी काय करणार ते सांगू? मग तुमच्या कमी दुखणाऱ्या गुडघ्याला करून दाखवते. पुरे म्हणालात की थांबेन."

कल्याणक्का तिच्याकडे बघत राहिली. "मग पुरे."

"बरं," जिन्सी म्हणाली आणि हलली नाही.

 कल्याणक्काने लुगडं सारखं केलं आणि पाय लांब केला. पण तोवर वेळ संपत आली होती. दुसरा गुडघा किती वाकतो ते मोजणं अर्धं राहूनच गेलं.

निकाल लागेपर्यंत वरच्या खोलीत कुणी मोठ्याने बोललं नाही. सेवरीनबाई जेवणात मीठ विसरायला लागल्या. अखेर निकाल आला. जिन्सी पास होती, काठावर, पण पास. त्या दिवशी सेवरीनबाईंनी इडलीसारख्या मऊ सान्नां वाफवल्या, पोरीला शेजारी बसवलं आणि इतके दिवस पोटात जळत होतं ते बाहेर काढलं.

"आता खरं सांग. माझा खांदा तुला पाठ होता. गप्प बसली असतीस तर पहिल्या नंबराने पास झाली असतीस. बापाची भीती नाही वाटली?"

"वाटली."

"सरांची?"

"त्यांचीपण."

"मग?"

जिन्सीने सान्नाचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "तुमची जास्त वाटली, आंटी. मी गप्प बसले असते तर त्या क्षणी तुम्ही मला वाचवलं असतं. पण घरी आल्यावर तुम्ही म्हणाला असता, जी परीक्षेत फसवते ती माझ्या घरात काय काय करत असेल. मग मला इथे राहता आलं नसतं."

 पोरीच्या बोलण्यातलं खोटं शोधायची सेवरीनबाईंची जुनी सवय. त्यांनी आतल्या आत सगळीकडे शोधलं. सापडलं नाही. आपण नेमकं तेच म्हणालो असतो, हे त्यांना स्वच्छ दिसलं आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली.

"खा," त्या म्हणाल्या. "गार होतंय."